‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ : रीइश्यू एलपी घ्यावी का? (बजेट ३०००)

कोमल_ऋषभ (धागाकर्ता): नमस्कार मंडळी. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांचा, सिंथेसायझरवर राग वाजवलेला ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ यूट्यूबवर ऐकला आणि राग ललितपाशी अडकून बसलोय. १९८२ चा एचएमव्हीचा अल्बम, तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच कंपनीने पुन्हा काढला. मला एलपीच हवी. घरी सुटकेसवाला प्लेअर आहे. बजेट जास्तीत जास्त ३०००. काय करावं?

खर्जातला: ओरिजिनल एचएमव्हीच बघा. रीइश्यू म्हणजे झेरॉक्स. मला चोर बाजारात मिळाली, दुकानदाराला काय विकतोय याचा पत्ता नव्हता. केवढ्याला ते सांगत नाही, उगाच तुमची जळजळ नको.

जुनासुई: आधी तो सुटकेस प्लेअर भंगारात द्या. सुईचा भार एवढा की खोबणी खरवडून निघते. बरा टर्नटेबल, त्याचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीॲम्प, स्पीकर... वीस-पंचवीस हजारांत सुटाल.

कोमल_ऋषभ: बजेट ३००० लिहिलंय हो.

पहाटेचा_रियाज: ललित पहाटेचा. पंचम वर्ज्य, दोन्ही मध्यम लागोपाठ. तो डिस्कोच्या ठेक्यावर? आणि तोडीचा अतिकोमल ऋषभ कीबोर्डच्या ठरावीक पट्ट्यांवर कसा लावणार, कपाळ?

बेसलाइन_बंड्या: पेटीबद्दलही हेच म्हणायचे, आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दारात उभं केलं नाही. सिंगांनी वाजवलेल्या रोलंड टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरचा स्लाइड ऐका, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतो ती मींड नाही तर काय? रोलंडने ते यंत्र एकट्या वादकाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलं. खपलं नाही, १९८४ ला बंद. पुढे शिकागोच्या ‘फ्यूचर’ (Phuture) या गटाने त्यावरच १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं, तिथून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार गाजला. आपला माणूस पाच वर्षं आधी! ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा!!

ठाणे_ते_शिकागो: जनक कसला? इथे शिकागोत कुणी सिंगांची तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. आधी केलं, मान्य. पण वंश पुढे चालला नाही तर जनक कुठून?

सहज_डोकावलो: हे सगळं बनावट आहे ना? एफेक्स ट्विन या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने केलंय असं वाचलेलं.

बेसलाइन_बंड्या: ती अफवा कधीच मिटली. सिंग सत्तरी उलटल्यावर युरोपात जाऊन हेच वाजवून आले. २०१५ मध्ये गेले. हयातभर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवलं आणि नाव झालं ते असं.

खोबणीत_बोट: जरा मुद्द्याचं. ओरिजिनलमध्ये दहा राग एकाच तबकडीवर, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं. म्हणजे एका बाजूला पंचवीसेक मिनिटं. इतकं कोंबायचं तर खोबण्या चिकटून येतात, आवाज आणि बेस दोन्ही आवरतं घ्यावं लागतं. रीइश्यू दोन तबकड्यांवर आहे, त्यामुळे ऐसपैस. पण बेस जोरात आला की सुटकेसवाल्याची सुई उडते. आधी मित्राची एखादी दणदणीत एलपी लावून बघा. बाहेरून मागवलीत तर टपाल आणि कस्टम्स धरून ३००० मध्ये बसणार नाही. सीडी घ्या, सुखी व्हाल.

आळशी_श्रोता: +१ सीडी. एका बाजूला पंचवीस मिनिटं म्हणजे बेस मार खातोच.

खर्जातला: ओरिजिनलच.

जुनासुई: टर्नटेबल!

कोमल_ऋषभ: सर्वांचे आभार. रीइश्यू एलपी मागवली, मावसभाऊ ॲमस्टरडॅमहून येतोय त्याच्या बॅगेतून. बजेट फुटलं. प्लेअर तोच राहणार. सुई उडायला लागली तर हेडवर एक रुपयाचं नाणं ठेवीन.

जुनासुई: नाणं??? भार आधीच जास्त आहे म्हणून वर कंठशोष केला ना? मी चाललो.

पहाटेचा_रियाज: निदान ललित पहाटे लावा.

खर्जातला: भावाच्या बॅगेत अजून एका रीइश्यूला जागा आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.