मदत हवी आहे: क्लॅमिडियानंतरचा सांधेदाह

माझ्या धाकट्या भावाला क्लॅमिडियाच्या (लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूच्या) संसर्गानंतर काही आठवड्यांत गुडघा व टाच सुजून डोळेही लाल झाले, तेव्हा संधिवाततज्ज्ञांनी ‘रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस’चे निदान केले. एचएलए-बी२७ (या आजाराची शक्यता वाढवणारा आनुवंशिक घटक) चाचणी पॉझिटिव्ह आहे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा ७ दिवसांचा कोर्स पूर्ण झाला; मात्र मूळ संसर्ग गेला तरी रोगप्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेतून आलेली सूज काही महिने टिकू शकते, असे सांगून डॉक्टरांनी नॅप्रोक्सेन हे सूज व वेदना कमी करणारे औषध सुरू ठेवले आहे. लक्षणे नसल्यामुळे त्याची पत्नी तपासणीस तयार नाही (घरात हा विषय काढणेच अवघड), आणि तिच्यावर उपचार न झाल्यास त्याला पुन्हा लागण होऊ शकते, याचीच मला अधिक चिंता वाटते. ६ महिन्यांनंतरही सूज राहिल्याने सल्फासॅलाझिन (दीर्घकाळच्या सांधेदाहावरील औषध) घेतल्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि जोडीदाराला तपासणीसाठी आपण कसे राजी केलेत, हे कृपया कळवावे.