चार, साडेतीन, अडीच: दर बारला बदलणाऱ्या मात्रा कशा मोजाव्यात?

रामबागकर (इंदूर)
नमस्कार. मी गिटार वाजवतो आणि लहानपणी चार वर्षे तबला शिकलो आहे. आमच्या गटाने बसवायला घेतलेल्या रचनेत पहिला बार (तालाचा एक खंड) ४/४ म्हणजे चार पूर्ण मात्रांचा, दुसरा ७/८ म्हणजे सात अर्ध्या मात्रांचा आणि तिसरा ५/८ म्हणजे पाच अर्ध्या मात्रांचा असून हीच तिकडी शेवटपर्यंत फिरत राहते. सुटा ७/८ मला जड जात नाही, कारण हात आपोआप रूपकात, म्हणजे सात मात्रांच्या तालात, शिरतो. परंतु सातावरून पाचावर जाताना दर दुसऱ्या फेरीत माझी अर्धी मात्रा कुठेतरी सांडते आणि ड्रमवाला माझ्याकडे पाहू लागतो. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारे यंत्र) लावला, तर तिसऱ्या बारमध्ये त्याची टिक उलटी पडते. मोजावे कसे आणि रियाज कोणत्या क्रमाने करावा?

ठेकेकरी
आकडे म्हणणे आधी सोडावे. द्रुत लयीत 'सहा' हा उच्चारात दोन अक्षरांचा असलेला एकच आकडा जिभेला अडखळवण्यास पुरेसा असतो, आणि सातापर्यंत पोहोचल्यावरही आपण कोणत्या गटात आहोत हे आकडा सांगत नाही. अर्ध्या मात्रेला एक अक्षर धरून दोनांच्या गटाला 'तक' आणि तीनांच्या गटाला 'तकिट' म्हणावे. म्हणजे पहिला बार 'तक तक तक तक', दुसरा 'तक तक तकिट' आणि तिसरा 'तक तकिट' असा होईल. टाळी प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर द्यावी.

येथे जवळजवळ प्रत्येकाची एक चूक होते: 'तकिट' हे 'तक'च्या जागेत कोंबले जाते आणि त्याची नकळत तिगुन होते, म्हणजे एका मात्रेत तीन अक्षरे बसवली जातात. अक्षरांमधील अंतर सर्वत्र सारखेच राहिले पाहिजे. लांबते ते टाळ्यांमधील अंतर, आणि तेही नेमके दीडपट. तुमची सांडलेली अर्धी मात्रा बहुधा येथेच मिळेल. गिटार दोन दिवस बाजूला ठेवून फक्त तोंडाने आणि हाताने म्हणावे, मग संपूर्ण रचना न घेता केवळ सांधे घोटावेत: 'तकिट | तक तकिट', 'तकिट | तक तक'.

पखवाजप्रेमी
रूपकाविषयी थोडे सावध करतो. रूपकाचे विभाग ३-२-२ असतात आणि त्याची समच (आवर्तनाची पहिली मात्रा) खालीची, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडण्याची, असते. तुमच्या रचनेत जर २-२-३ असे वजन असेल, तर बेरीज सातच असूनही रूपकात शिरलेला हात चुकीच्या जागी जोर देणार. आधी रचना ऐकून वजन कुठे पडते ते ठरवावे.

आकडे सोडण्याचा सल्ला मात्र योग्य आहे. आपल्या इंदूरचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ झुमऱ्यात, म्हणजे चौदा मात्रांच्या तालात, ज्या अतिविलंबित (अतिशय संथ) लयीत गात, तेथे चौदापर्यंत बोटे मोजत बसणाऱ्याच्या हाती सम लागणे कठीण. तेथे ठेक्याचे बोलच (तबल्यावर वाजणारी तालाची अक्षरे) जागा दाखवतात.

सातपाच
बेरीज करून पाहिली का? ४/४ म्हणजे चार मात्रा, ७/८ म्हणजे साडेतीन आणि ५/८ म्हणजे अडीच, एकूण दहा. तेव्हा तुमची संपूर्ण तिकडी दहा मात्रांच्या झपतालाच्या एका आवर्तनात (फेरीत) बरोबर बसते. झपतालाचा लेहरा (तालाचे आवर्तन दाखवत फिरत राहणारी सुरावट) लावावा. दुसरा बार पाचव्या मात्रेवर आणि तिसरा आठव्या मात्रेच्या मध्यावर सुरू होईल, आणि पुन्हा पहिला बार समेवर. मेट्रोनोमही बिघडलेला नाही: तिसऱ्या बारमध्ये त्याची टिक 'तक'मधल्या 'क'वर आणि 'तकिट'मधल्या 'कि'वर पडणे हेच बरोबर आहे.

पखवाजप्रेमी
हिशेब पक्का आहे, पण लेहरा पडताळ्यापुरताच ठेवावा. झपतालाचे २-३-२-३ हे वजन कानात बसले, तर रचनेची मूळ लचक हरवेल, आणि ती लचक नसेल तर असे बार लिहिण्याचे प्रयोजनच काय?

रामबागकर (इंदूर)
आपणा सर्वांचा आभारी आहे. वजन २-२-३ असेच निघाले, म्हणजे रूपकानेच मला फसवले होते. काल संथ लयीत लेहऱ्यावर सलग आठ फेऱ्या समेवर आलो. लेहरा बंद केल्यावर पाच. ड्रमवाल्यालाही 'तक तकिट' म्हणायला लावले आहे. 'तकिट'ची तिगुन तोही करतो, असे आता लक्षात आले.