मदत हवी आहे: मोटरहोमने यलोस्टोनला जातोय, प्राणी बघायचेत पण गेल्या वेळसारखा गाढवपणा नको

नमस्कार मंडळी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सॉल्ट लेक सिटीहून मोटरहोम भाड्याने घेऊन आम्ही अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला चाललोय. आम्ही दोघं, दोन पोरं आणि नागपूरहून आलेले सासू-सासरे. गाडी २५ फुटी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. पार्कमधल्या फिशिंग ब्रिज या मोटरहोम तळाचं बुकिंग मिळालंय, वीज-पाणी-ड्रेनेज सगळं जागेवर आहे, त्यामुळे राहायची चिंता नाही, चिंता आमचीच आहे.

तीन वर्षांपूर्वी असेच गेलो होतो. पार्कमधल्या हेडन व्हॅलीत पुढच्या गाड्या थांबल्या म्हणून आम्हीपण थांबलो, अर्धी गाडी रस्त्यात, मागे ही रांग. नवरा 'एकच फोटो' म्हणत उतरला, त्याच्या मागोमाग धाकटी दार उघडून पायरीवर. बायसन (तिथला केसाळ रानगवा) पंधरा पावलांवर असेल, नुकताच मातीत लोळून उठलेला, पाठीवरून धूळ गळतेय, आणि त्याने शेपटी उभी केली. आम्हाला वाटलं माशा हाकलतोय! मागच्या गाडीतल्या बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या तेव्हा हा आत आला. रात्री वाचलं की शेपटी उभी म्हणजे तो चिडलाय आणि ताशी ५५ किलोमीटरने धावू शकतो. मला झोप लागली नाही.

आता बाबांना (सासरे) ताडोब्याची सवय, तिथे जिप्सी, गाइड, खाली पाय ठेवायचा नाही, विषय संपला. इथे कोणी अडवायलाच नाही, त्यामुळे ते म्हणतात 'मोकळीक आहे ना, मग जाऊ या जरा जवळ'. नियम मला माहितेय, अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर, बायसन-एल्कपासून (एल्क म्हणजे तिथलं मोठं हरीण) २३ मीटर, पण २३ मीटर म्हणजे किती हे उभ्या जागी कसं कळणार? आणि एवढी मोठी गाडी थांबवायची कुठे, लांडगे दिसतात त्या लमार व्हॅलीला ही घेऊन जावं का, पहाटे निघावं का, आणि घरच्यांना न भांडता आवरायचं कसं, तेवढं सांगा.

प्रतिसाद १
ताई, २३ मीटर म्हणजे दोन एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं होईल तेवढं. अस्वल-लांडग्यांसाठी अंगठ्याची युक्ती: हात सरळ लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि अंगठा प्राण्यावर धरायचा. अख्खा प्राणी झाकला गेला नाही तर तुम्ही जास्तच जवळ आहात. पण खरी खूण प्राणीच देतो, चरताचरता तुमच्याकडे बघायला लागला किंवा उठून सरकला की समजायचं आपण त्याचं जेवण मोडलं. आणि तुम्ही जाताय ऑगस्टमध्ये, तेव्हा बायसनचा माजाचा हंगाम असतो, नर एकमेकांवर डोकी आपटत असतात, हंबरडे लांबून ऐकू येतात. तेव्हा दुप्पट लांब राहा.

प्रतिसाद २
लमारला मोटरहोम खुशाल न्या पण पाठलाग करायला नेऊ नका, तिचं मचाण करा. आम्ही तेच केलं. फिशिंग ब्रिजहून मधे डोंगर चढून जावं लागतं, पावणेदोन-दोन तास धरा, म्हणजे अंधारातच निघायचं, आणि अंधारात हळू, कारण रस्त्यावर बसलेला बायसन काळोखात दिसतच नाही. उजाडायच्या आत एखादा लांबलचक डांबरी पुलआउट (रस्त्याकडेची गाडी थांबवायची जागा) पकडायचा, सगळी चाकं पांढऱ्या रेषेच्या बाहेर (तुमची बहुतेक सहा असतील), गवतावर नाही. इंजिन बंद, जनरेटर बंद, दार हळू लावायचं. मग दोन तास हलायचंच नाही. बाकीचे लोक थंडीत कुडकुडत उभे आणि आमच्याकडे गॅसवर आल्याचा चहा, टॉयलेटपण गाडीतच, म्हाताऱ्या माणसांना यासारखं सुख नाही. तिथे स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) लावून बसलेली मंडळी भेटतात, ती वर्षानुवर्षं लांडगे बघतायत (१९९५-९६ मध्ये कॅनडातून आणून सोडले त्यांचे वंशज). नीट विचारलं तर स्कोपमधून बघू देतात. मैलभर लांबचा लांडगा एकदा तसा बघितला की बाबा जवळ जायचं नाव काढणार नाहीत. अप्पर टेरेस, ब्लॅकटेल प्लॅटो असल्या फाट्यांवर मोटरहोमला बंदी आहे, तिकडे वळू नका.

प्रतिसाद ३
खाण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून. फिशिंग ब्रिजला तंबू चालत नाहीत, फक्त टणक भिंतींच्या गाड्या, कारण तो ग्रिझली अस्वलांचा इलाका आहे. त्यामुळे बाहेरच्या टेबलावर कूलर, शेगडी, खरकटं काही म्हणजे काही ठेवून आत जायचं नाही. आमच्या आईला जेवायच्या आधी कावळ्याला घास ठेवायची सवय, तिने पोळीचा तुकडा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि पाच मिनिटांत दोन डोमकावळे हजर, एकाने तर माझ्या सॅकची चेन चोचीने ओढून उघडली!! खायला घालणं नियमात बसत नाही, आणि आईला ते पटवायला मला अर्धा दिवस लागला. शेवटी 'इथल्या कावळ्यांना सवय लागली तर मरतील बिचारे' म्हटल्यावर ऐकलं. बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा मिरचीचा फवारा) विमानात चालत नाही, तिथेच घ्या, आणि बॅगेच्या तळाशी नको, कमरेला.

प्रतिसाद ४
पोरांना पण आधीच सांगून ठेवा की पिल्लू एकटं दिसलं तरी हात लावायचा नाही. मे २०२३ मध्ये लमार नदीकाठी अडकलेलं बायसनचं पिल्लू एकाने ढकलून वर काढलं, कळपाने त्याला परत घेतलंच नाही, ते रस्त्यावर गाड्यांच्या मागे जायला लागलं, शेवटी पार्कवाल्यांना त्याला मारावं लागलं. मदतच करायला गेला होता बिचारा.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. मचाणाची आयडिया बाबांना एकदम पटली, ते आता बाल्कनीत उभं राहून समोरच्या कुत्र्यावर अंगठा धरून बघतायत. सासूबाईंना कावळ्याचं अजून सांगितलं नाही, हिंमत गोळा करतेय. एकच शेवटचं, बाबांचा हात थोडा थरथरतो, तर दुर्बीण ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी) घेऊ की १० बाय ४२ (दहापट)?