साताऱ्याच्या पोरीनं परदेशी क्लबचं स्वप्न बघावं का? (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

अजिंक्यताऱ्याखाली

परवा मुलींच्या फुटबॉलची निवड चाचणी बघायला गेलो होतो. नववीतली एक स्ट्रायकर डाव्या पायानं असा चेंडू मारत होती की गोलकीपर हलायच्या आत तो मागच्या भिंतीवर. गोलपोस्टला जाळी नव्हतीच. तिला बदललं तेव्हा ती लाइनवर बसली, बूट काढले आणि आत जाणाऱ्या मुलीला दिले. त्या मुलीचा पाय लहान, म्हणून पुढे कापूस कोंबला. तेवढा वेळ रेफ्री थांबून राहिला.

नंतर त्या स्ट्रायकरच्या वडिलांना म्हटलं, हिला मोठ्या क्लबच्या ट्रायलला न्या. ते म्हणाले, "दहावीला सवलतीचे मार्क मिळतील तेवढं बास. पुढं कोण खेळतंय?"

पुढं खेळणाऱ्या आहेत की! मणिपूरची बाला देवी जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबकडे दीड वर्षाच्या करारावर गेली आणि त्याच डिसेंबरात मदरवेलविरुद्ध गोल मारला. होशियारपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली मनीषा कल्याण २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल करते, २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे जाते आणि युरोपातल्या क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत उतरते. त्या स्पर्धेत खेळणारी ती पहिली भारतीय. पुढे ग्रीसचा पाओक, मग पेरूचा अलियान्झा लिमा. मध्य प्रदेशातल्या धारची ज्योती चौहान क्रोएशियात दिनामो झाग्रेबकडून हॅट्ट्रिक करून बसली आहे. या पोरी काही महानगरातल्या नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या मुलीच्या पायात खेळ आहे तिला घरच्यांनी सोळाव्या वर्षी थांबवू नये. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या धावपटू ललिता बाबरला कुणी माणातच थांबवलं असतं, तर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला ती दिसली असती का?

माहुलीची आई

दादा, तुमची तळमळ कळते, पण मुलगी घरात असली की हिशेब वेगळा होतो. माझी दहावीत आहे आणि खेळते, म्हणून लिहिते.

देशातल्या महिला लीगसाठी भारतीय फुटबॉल फेडरेशननं २०२३ मध्ये नियम केला की क्लबनं किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला ३ लाख २० हजार तरी द्यावेत. म्हणजे महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. तेही वरच्या लीगमध्ये पोचलेल्यांना, आणि खेळायची वर्षं किती? तिशीनंतर त्या मुलीनं काय करायचं?

तुम्ही बाला देवीचं नाव घेतलंत, पण ती मणिपूर पोलिसांत नोकरीला होती हे लिहिलं नाहीत. पाठीशी सरकारी नोकरी असल्यावर कुणीही परदेशी जाईल. आमच्या मुलींना आधी ती नोकरी द्या, मग स्वप्नं दाखवा.

अजिंक्यताऱ्याखाली

ताई, ती नोकरी तिला कशानं मिळाली? खेळानंच. ललिता बाबरही महसूल खात्यात अधिकारी झाल्या त्या पळाल्या म्हणून. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी भरतीत पाच टक्के आरक्षण आहे, पण ते पुढच्या पातळीवर खेळलेल्यांना. दहावीला बूट काढून ठेवणाऱ्या मुलीला ते कुठून मिळणार? तुम्ही म्हणता आधी नोकरी, मग खेळ. मुलींच्या बाबतीत गाडी उलटीच चालते.

मिरजेचा फिजिओ

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली. गुडघा.

बाला देवीचा रेंजर्समधला मुक्काम गुडघ्याच्या दुखापतीत अडकला. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. उडी मारून उतरताना किंवा अचानक वळताना गुडघा आत झुकतो आणि संपलं. ऑस्ट्रेलियाची कॅप्टन सॅम कर जानेवारी २०२४ मध्ये याच दुखापतीनं बाहेर बसली. इंग्लंडच्या चेल्सीसारख्या क्लबची सगळी यंत्रणा हाताशी असून तिला परतायला दीड वर्षाच्या वर लागलं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींचं सांगतो. ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे फक्त गुडघा पूर्ण सरळ करण्यात जातात. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा गादीला टेकेपर्यंत मांडी आवळायची. डोळ्यांतून पाणी येतं. नऊ महिन्यांच्या आत मैदानात पाठवू नये. तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलं की घरचे म्हणतात, "बरी झाली की." आणि त्या तिथंच सोडतात. मांडीत ताकद आलेली नसते, त्या पायावर पुढे चाळीस वर्षं काढायची असतात.

म्हणून परदेशी करार आला तर पगाराच्या आधी हे बघा: ऑपरेशनचा खर्च कुणाचा, आणि दुखापतीच्या काळात पगार चालू राहतो का. चांगल्या क्लबात दोन्ही असतं. त्या अर्थानं परदेशातला साधा क्लबही आपल्याकडच्या मैदानापेक्षा सुरक्षित ठरू शकतो.

खासबाग कट्टा

कोल्हापूरवरून लिहितोय, चालतंय ना? आमच्याकडं पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असल्या फुटबॉल संघांची नावं घेतली की शाहू स्टेडियम भरतंय. ते सगळं पोरांचं. पोरींच्या मॅचला तशी गर्दी कुठं आहे?

म्हणून माझा धागाकर्त्याला विरोध आहे. परदेश, परदेश करून काय होणार? मनीषा सायप्रसला गेली ती होशियारपुरातनं थेट नाही. मध्ये केरळातल्या कोझिकोडचा गोकुलम क्लब होता. तिथं ती लीग खेळली, जिंकली, बाहेरच्यांच्या नजरेत भरली. दरवाजा कोझिकोडला आहे, युरोपात नाही. सातारा-सांगलीत पोरींना वर्षाकाठी मॅच मिळतात किती? एक शालेय स्पर्धा, हरलं की घरी. एवढ्यावर कुठला क्लब घेईल? आधी इथं लीग पाहिजे. ती नसताना पोरीला ग्लासगोचे फोटो दाखवणं म्हणजे तिची फसवणूक आहे.

विश्रामबाग

मी इंग्लंडात शिकत असताना तिथल्या महिला सामन्यांना जायचे. दोन गोष्टी सांगते.

एक, शिक्षणाचा रस्ता. गोलकीपर अदिती चौहान लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात आली. तो संघ तेव्हा तिथल्या तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये होता. पण डिग्री हातात होती आणि खेळ सुटला नाही. माहुलीच्या ताईंची काळजी या रस्त्यानं बरीच कमी होते.

दुसरी गोष्ट आईबापांनी लिहूनच ठेवावी. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात बदली होत नाही, मोजके अपवाद सोडून. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीला "स्पेनच्या क्लबात घेतो, ट्रायलची फी भरा" म्हणणारा कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आमच्या ओळखीतल्या एका घरानं त्यासाठी सोनं गहाण टाकलं. ट्रायल एका टर्फवर झाली, पुढे फोन बंद.

माहुलीची आई

अठराचा नियम मला माहीत नव्हता, बरं झालं सांगितलंत. पण मग सोळा ते अठरा मुलगी कुठं खेळणार? खासबागवाले दादा म्हणतात तेच खरं, इथं काही नाही. आणि लग्न झालं, मूल झालं की करार संपला म्हणायचं. मुलांना हा प्रश्न पडत नाही.

मिरजेचा फिजिओ

ताई, हा प्रश्न आता कागदावर तरी सुटलाय. २०२१ पासून फिफाच्या नियमात किमान चौदा आठवड्यांची प्रसूती रजा आहे, दोन तृतीयांश पगारासह. आइसलंडच्या सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिरनं गरोदरपणात पगार कापला म्हणून फ्रान्सच्या ल्योनसारख्या बलाढ्य क्लबविरुद्ध दाद मागितली आणि ८२ हजार युरोंच्या वर रक्कम वसूल केली. नियम वापरणारी एक बाई उभी राहिली की पुढचीला भांडावं लागत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली

खासबागवाले, लीग हवी हे शंभर टक्के मान्य. पण "आधी लीग, मग स्वप्न" हे नाही पटत. लीग कुणी मागितल्याशिवाय होत नाही, आणि पुढं काहीतरी दिसत असेल तरच पालक मागतील. ५ जुलै २०२५ ला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून महिला आशियाई कपची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आपल्याकडे किती घरांत त्या रात्री टीव्ही लागला होता? त्या नववीतल्या मुलीला तरी कुणी सांगितलं का?

माझी मागणी मोठी नाही. सातारा, कराड, सांगली, मिरज, इस्लामपूर. पाच गावांचे मुलींचे संघ, दिवाळीनंतर दर रविवारी एक सामना, उन्हाळ्यापर्यंत. मैदानं आहेत, मुलीही आहेत.

खासबाग कट्टा

सहावा संघ आमचा धरा. पण सामने दुपारी एकला लावू नका. पोरांच्या मॅचला चारची वेळ आणि पोरींना भर उन्हात, असं चाललेलं मी डोळ्यांनी बघितलंय. चारची वेळ मिळणार असेल तरच येतो.

माहुलीची आई

कराड-मिरजेपर्यंत पाठवीन, बरोबर स्वतः येईन. परदेशाचं तिला अठरा पूर्ण झाल्यावर बघू, आणि तेव्हाही डिग्री आधी. यावर मी मागे हटणार नाही, दादा.