अनुभव धागा: अमेरिकन फुटबॉलमधील कोणत्या निर्णयावर तुम्ही आजही वाद घालता?

लुइझियानाकर
परवा सामना पाहताना मुलीने विचारले, की पंचांनी नियमभंगाचा पिवळा झेंडा टाकलाच नाही, तर प्रशिक्षकाला त्याविरुद्ध दाद का मागता येत नाही. त्या प्रश्नाने मला थेट 20 जानेवारी 2019 या दिवशी नेऊन सोडले, कारण तेव्हा आम्ही न्यू ऑर्लिन्समध्ये राहत होतो. तिथल्या सुपरडोम मैदानात आमचा सेंट्स आणि लॉस एंजेलिसचा रॅम्स हे संघ 20-20 असे बरोबरीत होते आणि पावणेदोन मिनिटांच्या आसपास वेळ उरला होता. सेंट्सच्या ड्रू ब्रीसने टाकलेला चेंडू सहकारी टॉमीली लुइसपर्यंत पोहोचण्यापूर्वीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन त्याच्यावर जाऊन आदळला, तरीही एकाही पंचाचा हात झेंड्याकडे गेला नाही. सेंट्सला फील्ड गोलवर (किकने मिळणाऱ्या तीन गुणांवर) समाधान मानावे लागले, रॅम्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ग्रेग झरलाइनने 57 यार्डांवरून किक मारून 26-23 असा सामना जिंकून दिला. पंच विभागाच्या प्रमुखांनी त्याच संध्याकाळी प्रशिक्षक शॉन पेटन यांच्याकडे फोनवर चूक मान्य केली, पुढे हेल्मेटच्या धडकेबद्दल रोबी-कोलमनला दंडही झाला; निकाल मात्र तसाच राहिला. सेंट्सविना झालेल्या सुपर बोल या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातील वृत्तपत्राने पहिले पान जवळजवळ कोरे छापले होते. पास घेणाऱ्याला नियमबाह्य अडवण्याच्या (पास इंटरफिअरन्सच्या) निर्णयांचे पुनरावलोकन 2019 च्या हंगामापुरते सुरू झाले आणि लगेच बंदही झाले, हे मुलीला सांगितल्यावर ती म्हणाली, “मग उपयोग काय?” तुमचाही असा एखादा निर्णय असेल, पंचांचा किंवा प्रशिक्षकाचा, तर अवश्य लिहावे.

चौथा_डाउन
तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, परंतु त्याच्या दोनच खेळी आधी काय घडले, हे न्यू ऑर्लिन्सचे चाहते कधीच सांगत नाहीत. पहिल्या डाउनवर (चार प्रयत्नांपैकी पहिल्या) चेंडू हाती घेऊन धावण्याऐवजी पेटन यांनी पास टाकायला लावला, तो जमिनीवर पडला आणि घड्याळ आयतेच थांबले. तिथे धाव घेतली असती, तर रॅम्सला घड्याळ थांबवणारा आपला टाइमआउट खर्च करावा लागला असता किंवा वेळ तरी गमवावा लागला असता. शिवाय जादा वेळेची नाणेफेक सेंट्सनेच जिंकली होती आणि ब्रीसचा चेंडू रॅम्सच्या हाती गेला, त्यात पंचांचा काय दोष?

लुइझियानाकर
तुमचा हिशेब मान्य आहे. तरीही प्रशिक्षकाने वाईट खेळी निवडणे हा खेळाचाच भाग आहे आणि समोर घडलेला नियमभंग पंचांनी न पाहणे हा नव्हे.

बे_एरियातली_मावशी
भाजी फोडणीला टाकून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. फेब्रुवारी 2024 चा सुपर बोल जादा वेळेत गेला, नाणेफेक आम्ही, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्सने, जिंकली आणि आमचे प्रशिक्षक काइल शानहान यांनी आधी चेंडू घेतला. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) दोन्ही संघांना एकेक संधी देणारा नवा नियम 2022 पासून लागू झालेला होता, आणि त्यामुळे दुसऱ्या संघाला नेमके किती गुण हवेत, हे आधीच कळते. आम्ही फील्ड गोल केला, कॅन्सस सिटी चीफ्सच्या माहोम्सने टचडाउन (सहा गुण) मिळवून दिला आणि आम्ही 25-22 असे हरलो. दोघांच्या संधीनंतरही बरोबरी राहिली, तर तिसरी संधी आपल्याला मिळावी, हा शानहान यांचा युक्तिवाद मला तर्कशुद्ध वाटतो. मात्र सामन्यानंतर आमच्या काही खेळाडूंनी नवा नियम माहीतच नव्हता, असे सांगितले आणि चीफ्सच्या खेळाडूंनी त्याची तयारी आधीपासून केली होती, असे सांगितले, तेव्हा माझा संताप अनावर झाला. ही जबाबदारी कोणत्या पंचावर ढकलायची?

पहाटेचा_प्रेक्षक
मी पुण्यात असतो आणि सुपर बोल सोमवारी पहाटे पाच वाजता लावतो. एक शंका आहे: एवढा पैसा असलेल्या या खेळातील पंच पूर्णवेळ का नसतात?

फिलीचा_जावई
बहुतेक पंचांचे दुसरे व्यवसाय असतात. एड होक्युली इतकी वर्षे पंच होते, पण मूळचे वकील. मैदानावर सात पंच असतात आणि तरीही बावीस खेळाडूंपैकी कोण कोणाची जर्सी ओढत आहे, हे सगळे टिपणे अशक्य असते. त्यामुळेच आमच्या ईगल्स संघाच्या जेम्स ब्रॅडबरीविषयी माझ्या मनात आदर आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये 35-35 अशी बरोबरी असताना शेवटच्या दोन मिनिटांत त्याच्यावर होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा) झेंडा पडला, चीफ्सने वेळ संपवत नेला आणि 38-35 असे जिंकले. आमच्या घरी सासरेबुवा टीव्हीशी भांडत होते, आणि तिकडे ब्रॅडबरीने स्वतःच सांगितले, की आपण जर्सी ओढली होती. सासरेबुवांचे म्हणणे, ओढली असेल, पण सामनाभर असे प्रकार सोडून देणाऱ्या पंचांनी नेमक्या त्याच क्षणी कडक होऊ नये. त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

रिमझिम_सिएटल
आम्ही दोन्ही चवी घेतल्या आहेत. सप्टेंबर 2012 मध्ये लीगचा पंचांशी कराराचा वाद चालू असताना बदली पंच आणले होते. पॅकर्सविरुद्धच्या शेवटच्या खेळीत एका पंचाने टचडाउनची खूण केली, शेजारच्याने वेगळीच, आणि आम्ही, म्हणजे सीहॉक्स, 14-12 असे जिंकलो. दोनच दिवसांत नेहमीच्या पंचांशी तडजोड झाली. मी तो विजय आनंदाने साजरा केला, हे सांगायला लाज वाटत नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये मात्र गोलरेषेपासून एक यार्डावरून आमच्या मार्शन लिंचला धावण्यासाठी चेंडू न देता पास टाकला गेला आणि प्रतिस्पर्धी माल्कम बटलरने तो अडवून घेतला. सगळे जग आमचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांना मूर्ख ठरवते, पण दुसरा डाउन होता, 26 सेकंद आणि एकच टाइमआउट उरला होता. तिन्ही वेळा धावण्याइतका वेळ नव्हता, म्हणून एक पास कधीतरी टाकावाच लागणार होता.

पहाटेचा_प्रेक्षक
मग तो तिसऱ्या डाउनला टाकायचा. लिंचला एकदा तरी द्यायला हवा होता.

मिशिगनचा_मामा
चर्चा प्रशिक्षकांवर आलीच आहे, म्हणून आमच्या संघाचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांचे नाव घेतो. जानेवारी 2024 मध्ये मध्यंतराला आम्ही, म्हणजे डेट्रॉइट लायन्स, 24-7 असे पुढे होतो. उत्तरार्धात त्यांनी दोनदा फील्ड गोल सोडून चौथ्या डाउनवर खेळायचे ठरवले, दोन्ही वेळा चेंडू गेला आणि आम्ही तीनच गुणांनी हरलो. पहिल्या वेळी पास नीट हातात आला होता आणि जोश रेनॉल्ड्सकडून सुटला. त्याने तो पकडला असता, तर आज आमच्या गावात कोणी कॅम्पबेल यांना नावे ठेवली असती का?

बे_एरियातली_मावशी
मामा, त्या दिवशी समोर आमचाच संघ होता, म्हणून रेनॉल्ड्सबद्दल मी काही बोलणार नाही. फील्ड गोल मात्र घ्यायला हवा होता.