देवाला थेट सांगितलं तर पुरत नाही का? फादरसमोरच्या पापनिवेदनाबद्दल

मेणबत्ती:
रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) न चुकवणारे, ख्रिस्तप्रसाद घेणारे कितीतरी कॅथलिक पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूला (फादरला) आपली पापं सांगून क्षमा मागण्याचा, विषय निघाला की अंग काढून घेतात. 'देव आणि मी बघून घेऊ' हे त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. मनातल्या मनात देवाशी बोलताना आरोपी आपण, वकील आपण आणि निकाल देणारेही आपणच. फादरसमोर मात्र तोंड उघडावं लागतं. 'मनात मत्सर आला' असं मोघम बोलून भागत नाही. 'सहकाऱ्याने केलेलं काम मी साहेबांना माझं म्हणून दाखवलं' हे पूर्ण वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकावं लागतं. रोजच्या जगण्यात श्रद्धा आणायची तर ती इथून येते, असं माझं ठाम मत आहे.

साधा प्रश्न:
मग ते वाक्य त्या सहकाऱ्यासमोर म्हणा ना! वेदीवर अर्पण ठेवायच्या आधी जाऊन भावाशी समेट कर, असं प्रभू येशू बायबलमधल्या मत्तय 5 मध्ये सांगतो. तिथे धर्मगुरूचा उल्लेख नाही. शिवाय आज आपण पाहतो ती पद्धत पहिल्या शतकांत नव्हती. तेव्हा गंभीर पापांसाठी सर्वांसमक्ष, दीर्घकाळ प्रायश्चित्त असे. खाजगीत पुन्हा पुन्हा पापं सांगण्याची रीत आयरिश मठवाशांनी पसरवली आणि वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (रोममध्ये भरलेल्या चर्चच्या सभेने) घातला. माणसांनी घडवलेल्या पद्धतीला देवाची अट का म्हणायचं?

मेणबत्ती:
पद्धत बदलली, हे मान्यच. क्षमा करण्याचा अधिकार मात्र बायबलमधल्या योहान 20:23 मधला आहे: ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल, त्यांची क्षमा झाली. हे प्रभूने शिष्यांना सांगितलं. आणि समेटाचं म्हणाल तर चर्चची शिकवण तुमच्याच बाजूची आहे. कॅथलिक धर्मशिक्षण या चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा परिच्छेद 1459 वाचा. पापक्षमेने पाप जातं, पण पापाने झालेली सगळी हानी आपोआप भरून निघत नाही. चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा उजळायचं, इजा केली असेल तर भरपाई द्यायची. हे आपल्याला कोणी नीट शिकवतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उघडं दार:
तुम्ही दोघं ग्रंथांवर बोलताय, मी भीतीबद्दल बोलते. अत्याचारी धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून (एका चर्चच्या हद्दीतून) दुसऱ्यात हलवून प्रकरणं झाकली गेली, हे जगभर उघड झालंय. त्याच व्यवस्थेतल्या माणसासमोर माझ्या मुलीने एकटीने बसून मन मोकळं करावं? मी नाही पाठवणार.

मेणबत्ती:
तुमच्या रागाशी मी वाद घालणार नाही. पापनिवेदनासारख्या संस्काराची ग्राह्यता धर्मगुरूच्या पावित्र्यावर अवलंबून नसते, हे खरं असलं तरी तुमच्या काळजीवर ते उत्तर नव्हे. इतकंच सांगते: 1983 च्या धर्मसंहितेचं (चर्चच्या कायद्याचं) कलम 964 पापनिवेदनाची जागा उघड्या ठिकाणी असावी आणि मध्ये स्थिर जाळी असावी असं सांगतं. तुमच्या चर्चमध्ये तसं नसेल तर ते मागणं हा तुमचा हक्क आहे. मीही मागेन.

पाऊलवाट:
एक वेगळी बाजू. काहींना पापं मोजण्याचाच आजार जडतो. क्षमा मिळाली तरी 'एखादं सांगायचं राहिलं का' म्हणून जीव खात राहतात. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनाही स्पेनमधल्या मानरेसात असताना या छळाने ग्रासलं होतं. अशा माणसाला 'वारंवार जा' सांगू नका. त्याला एकच समंजस धर्मगुरू हवा. किरकोळ पापं फादरला सांगायचं बंधन तर चर्चही घालत नाही, फक्त तशी सवय लावा म्हणतं.

साधा प्रश्न:
1459 वाचला. पण प्रत्यक्षात काय होतं? मजुरांची मजुरी बुडवणारा मालक येतो, प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणतो आणि हलक्या मनाने घरी जातो. मजुरांच्या हातात काय पडलं?

मेणबत्ती:
बुडवलेले पैसे देण्याची तयारीच नसेल तर त्याचा पश्चात्ताप खरा नाही, आणि अशा वेळी धर्मगुरू पापक्षमा रोखू शकतो. फादरने 'मजुरी कधी देणार?' हे विचारलंच पाहिजे. न विचारता सोडलं तर तो फादरचा कसूर आहे, आणि त्यावर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.