आठ महिने नीट चाललेलं सगळं सुट्टीत आणि सिनेमाला गेल्यावरच का मोडतं?

तळजाई_सहा_वाजता:

मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते, आज लिहितेच.

मागच्या जुलैत ऑफिसच्या तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे अडीच-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. वय ४६. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, गोळी आत्ता नको, चाला आणि ताटाकडे बघा. माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह होता, शेवटी तिच्या टाचेची जखम सहा महिने भरत नव्हती आणि रोज संध्याकाळी ड्रेसिंग मी करायचे, त्यामुळे तो कागद हातात आला तेव्हा मला दुसरं काही दिसलंच नाही, ती टाचच दिसली.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला पुण्यातली तळजाई टेकडी. पाचगाव पर्वतीच्या जंगलातून पाऊण तास, रविवारी बदल म्हणून पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा. रात्रीची पोळी बंद करून ज्वारीची भाकरी शिकले, हो, शिकले, कारण आमच्या घरात भाकरी कधी होतच नव्हती. पहिला महिनाभर परातीतून उचलताना तुटायची. मग भाजीवाल्या मावशींनी सांगितलं की गार पाण्यात कशाला मळतेस, ज्वारीला चिकटपणा नसतो, पाणी चांगलं कढत घे आणि तळहाताच्या टाचेनं पीठ रगड. त्या दिवशी पहिली भाकरी फुगली आणि मी नवऱ्याला हॉलमधून ओढत आणून दाखवली. आता मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणते, तिची गोडी वेगळीच आहे.

मार्चमध्ये ५.८ आलं. म्हणजे जमतंय. पण मोडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे सुट्टी. दिवाळीत राजस्थानला गेलो, सहा दिवसांत चार शहरं, रोज पाच-सहा तास गाडीत बसून, सकाळी हॉटेलचा बुफे, पैसे भरलेत म्हणून सगळं खाऊन बघायचं, रात्री दहाला जेवण. वजन दोन किलो वाढलं त्याचं एवढं नाही, पण आल्यावर तीन आठवडे सकाळी उठवेचना. त्या तीन आठवड्यांची मला जास्त भीती वाटते.

दुसरं सिनेमा. आम्ही दोघं कॉलेजपासून सिनेमावेडे, लग्नाआधी अप्पा बळवंत चौकात प्रभातला मराठी सिनेमे बघितलेत, आता पंधरा दिवसांतून एकदा मल्टिप्लेक्सला जातोच आणि ते मला सोडायचं नाहीये. पण इंटरव्हल झाला की पॉपकॉर्नची बादली आणि कोल्ड्रिंक, आणि घरी येऊन परत जेवण.

मे महिन्यात सुट्टी आहे, सोबत सासूबाई (७१) आणि दोन मुलं. घरात सगळे हिमाचलची टूर म्हणतायत, मला एकाच गावात आठवडाभर राहायचंय. तुम्ही कोणी असं केलंय का? आणि सिनेमाचं काय करता?

पाटाचंपाणी:

ताई, मी मूळचा गुहागरचा, खालच्या पाटातला, नोकरीमुळे चिपळूणला असतो, पण शनिवार-रविवार घरीच. त्यामुळे मी गुहागरच सांगणार, हे धरून चाला.

पुण्याहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून पंचेचाळीसेक किलोमीटर. एसटी येते, घरगुती राहण्या-जेवण्याची सोय गावात बरीच आहे, त्यातलं असं घर शोधा जिथून समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे आणि गाडी आठवडाभर अंगणात उभी राहू दे. हेच महत्त्वाचं. आमच्याकडे लोक येतात ते एका दिवसात हेदवी, वेळणेश्वर, गोपाळगड, धोपाव्याची फेरीबोट पकडून पलीकडे दाभोळ असं सगळं उरकतात आणि संध्याकाळी पाय दुखत नाहीत, कंबर दुखते. तुम्ही एक दिवसाआड एकच ठिकाण धरा, बाकी दिवस गावातच.

मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतात, हे आधीच सांगून ठेवतो, घाबरू नका. माझ्या बहिणीचा मुलगा मुंबईहून येतो, पहिले दोन दिवस मोबाईल, तिसऱ्या दिवशी माझ्या आईशेजारी ओले काजू सोलायला बसला. काजूचा चीक लागला की बोटाची सालं निघतात, म्हणून आई आधी त्याच्या हाताला खोबरेल तेल चोपडते, मग तो विळीवर नाही बसत, पण कापलेल्या बीतून काडीनं गर काढून देतो, आणि दुपारी त्याच काजूची उसळ ताटात आली की दोनदा मागून घेतो. मे सुरू होता होता ओले काजू संपत येतात, पण फणस असतो, आठळ्या असतात, माडावर चढणारा गडी असतो, विहिरीवरून पाटाचं पाणी वाडीत सोडतात ते बघायला मिळतं. मुलांना तेवढं पुरतं.

जेवणाचं ज्या घरी राहाल त्या काकूंना फोनवर आधीच सांगा. आमच्याकडे कोणाला राग येत नाही. भात थोडा, उसळ जास्त, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, ताक. सकाळी घावन असतात ती तांदळाची, दोनवर थांबा. मोदक एक दिवस खा पण खा, उकडीचे, गरम असताना.

गुडघा_सांभाळा:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. धागाकर्तीचं मनापासून कौतुक, आठ महिने ही छोटी गोष्ट नाही.

एक गोष्ट डोक्यातून काढा की सहा दिवसांत सगळं वाया गेलं. एचबीएवनसी हे तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेचं मोजमाप आहे, त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ते अडीच-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. सहा दिवसांनी ते फारसं हलत नाही, पण तुम्ही म्हणता ते तीन आठवडे हलवू शकतात, तुमची भीती बरोबर जागी आहे. म्हणून परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी तळजाई, पाऊण तास नाही झाला तर पंधरा मिनिटं, पण बूट घालून बाहेर पडायचंच.

दुसरं, तुमच्या लिहिण्यात फक्त चालणं दिसलं. आठवड्याला १५० मिनिटं चालणं ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तुमची केव्हाच पूर्ण होते, पण त्याच शिफारशीत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही आहे आणि आपल्या बायका नेमका तोच सोडतात. जेवल्यावर रक्तातली साखर सगळ्यात जास्त खेचून घेतात ते स्नायूच, चाळिशीनंतर ते कमी होत जातात. खुर्चीवरून हात न टेकता उठबस दहा-दहाची तीन आवर्तनं, भिंतीला हात लावून दंड, यापासून सुरू करा. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच. याला जिम लागत नाही, गुहागरच्या पडवीतही होतं.

आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. आपल्या आज्या सांगायच्या ते खरंच उपयोगी आहे, साखरेचा चढ कमी राहतो. आंबा खायचा असेल तर जेवणावर वरून नको, त्या वेळचा भात कमी करून त्या जागी. किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मॅटिनी_शो:

आठवडाभर सुट्टी ज्यांना मिळते त्यांनी जरूर जावं, पण माझं सांगलीत किराणाचं दुकान आहे, वर्षात सलग चार दिवस बंद ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, म्हणून माझी सुट्टी म्हणजे आठवड्यातला एक दिवस. मी सिनेमाबद्दल लिहितो कारण त्यातलं मला कळतं, चाळीस वर्षं बघतोय.

ताई, तुमचा घोळ वेळेचा आहे असं मला वाटतं. साडेसात-आठचा शो म्हणजे बरोब्बर जेवणाची वेळ, पोट रिकामं, समोर इंटरव्हल, माणूस खाणार नाही तर काय करणार. मी फक्त मॅटिनी बघतो. अकराला घरी व्यवस्थित जेवायचं, आमटी, भाकरी, कोशिंबीर, ताक, आणि मग चालत थिएटरला, सुटलं की आमराईला एक फेरी मारून घरी. सिनेमा डोक्यात घोळत असतो तेव्हा चालायला जो आनंद येतो तो मला मॉर्निंग वॉकला कधी आला नाही. चांगला सिनेमा बघून लगेच स्कूटरवर बसून ट्रॅफिकमध्ये शिरलं की तो निम्मा तिथेच सांडतो, हे माझं पक्कं मत आहे. बायको आणि मी चालताना त्यावर बोलतो, कधी भांडतोही, पण तो आमच्या दोघांचा वेळ आहे.

इंटरव्हलला पाणी प्यायचं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे थिएटरवाल्यानं ठरवावं, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायलाच पाहिजे. त्यामुळे मागायला लाजू नका. भूक लागलीच तर घरी आल्यावर मूठभर भडंग, घरचं, शेंगदाणे जास्त घातलेलं.

इसारकाठ:

मी म्युनिकला असते, इथे आठ वर्षं झाली. मॅटिनी काकांचं वाचून एकदम लक्षात आलं म्हणून लिहितेय. इथे सिनेमाला इंटरव्हल नसतो. दोन-अडीच तास सलग. सुरुवातीला मला फार चुकल्यासारखं वाटायचं, मध्येच दिवे लागावेत, कोणीतरी ‘चल काय खायचं’ म्हणावं. मग जाणवलं की माझी ती भूक पोटाची नव्हतीच, दिवे लागले की खायचं ही सवय होती. पुण्याला आले की आता इंटरव्हलला उठून मोकळ्या जागेत फेऱ्या मारते, पायही मोकळे होतात.

आणि सुट्टीबद्दल +१. इथले शेजारी दर उन्हाळ्यात एकाच तळ्याकाठी एकाच घरात दोन आठवडे जातात, तेच तळं, तीच बेकरी. पहिल्या वर्षी मला त्यांची दया आली होती. गेल्या वर्षी आई-बाबा आले तेव्हा आम्हीही पाच देश न करता एका गावात दहा दिवस राहिलो, बाबा रोज सकाळी एकटेच चालत जाऊन ब्रेड आणायचे, भाषा येत नाही तरी त्या बेकरीवालीशी त्यांची ओळख झाली. भारतात परत गेल्यावर ते आल्प्सचं कमी आणि तिचंच जास्त सांगतात.

तळजाई_सहा_वाजता:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅटिनी_शो काका, परवा रविवारी दुपारचा शो बघितला, जेवून गेलो, येताना स्वारगेटपासून घरापर्यंत चालत आलो, सव्वा तीन हजार पावलं झाली आणि नवरा आणि मी किती दिवसांनी नीट बोललो हे दोघांच्याही लक्षात आलं. पॉपकॉर्न छोटा घेतला, चौघांत. तेवढा राहू दे.

उठबस सुरू केलीय, मांड्या धरल्यात.

गुहागरला मुलं तयार झाली, नवराही. सासूबाई म्हणतात वाळूत माझे गुडघे चालणार नाहीत, तुम्ही जा, मी बसते. त्यांना बसवून आम्ही फिरायचं हे मला नको आहे. काही उपाय?

गुडघा_सांभाळा:

कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त ताकद लागते, पाय आत रुततो आणि घोटा वळतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं योग्य आहे. पण ओली कडक वाळू वेगळी, ती सपाट असेल तर बहुतेक गुडघ्यांना चालते. चपलेऐवजी मागून बंद सँडल, हातात काठी, सुरुवातीला दहाच मिनिटं.

पाटाचंपाणी:

याचं उत्तर आमच्या आजोबांकडून घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, साधारण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तेव्हा पायाखाली फक्त वरची कोरडी वाळू उरते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती साडेअकरा-बाराला आणि त्याआधी सहा तास ओहोटी, म्हणजे पहाटे साडेपाच-सहाला समुद्र लांब गेलेला असतो आणि ओल्या वाळूचा रस्ता डांबरी सडकेसारखा कडक मिळतो, शिवाय या दोन्ही तिथींना पाणी जास्त मागे जातं. पुढे रोज पाऊणेक तासानं वेळ सरकते, म्हणून आठवडाभर सगळ्यांनाच सकाळी चालायला मिळेल असं पाहिजे तर वैशाखी पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी या. आईंना त्याच वाळूवरून न्या. माझी आई ७८ ची आहे, ती जाते.

तळजाई_सहा_वाजता:

हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठल्या, कॅलेंडर काढलं, बोटांवर पाऊणपट करत बसल्या आणि म्हणाल्या की माझे वडील रत्नागिरीला हेच करायचे गं, मी विसरूनच गेले होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निघतोय, सात रात्री. सँडल आणायला उद्या त्यांच्यासोबत लक्ष्मी रोडला जातेय.

पाटाचंपाणी:

या या. येताना एक टॉर्च घ्या, पौर्णिमा असली तरी पहाटे सुरूच्या बनातून जाताना काळोख असतो, आणि मुळं वर आलेली आहेत.